संघ होता, शेजार नव्हता



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थांच्या जन्माविषयी पुष्कळ बोलले जाते. पहिली खोली कोणी बांधली, पहिल्या वर्गात किती मुले होती, पहिली घंटा कोणी दिली, या आठवणींनी सभागृह भारावून जाते, आणि ते योग्यच आहे. संस्था बंद कशा पडतात याविषयी मात्र अशा प्रसंगी कोणी बोलत नाही. ते अशुभ मानले जाते. तरीही साठी ओलांडणाऱ्या शाळेने एखाद्या थांबलेल्या संस्थेची हकिगत शांतपणे ऐकावी, इतके तिचे वय झालेले असते. आजचा विषय आहे एका महाविद्यालयीन हॉकी संघाचा. हा संघ अमेरिकेतील अलाबामा राज्यात, हंट्सव्हिल नावाच्या शहरात होता. १९७९ मध्ये तो सुरू झाला, ४२ वर्षे चालला आणि २०२१ मध्ये थांबला.

भिलाईत बसून अलाबामाची कथा ऐकण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या शहराच्या घडणीत आहे. १९५० साली हंट्सव्हिल हे अवघ्या सोळा हजार वस्तीचे, कापसाच्या व्यापारावर जगणारे गाव होते. त्या वर्षी वेर्नहर फॉन ब्राउन आणि त्याचे जर्मन सहकारी लष्कराच्या प्रक्षेपणास्त्र केंद्रात काम करण्यासाठी तेथे आले. १९६० मध्ये तेथे मार्शल अंतराळ उड्डाण केंद्र स्थापन झाले आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या 'सॅटर्न ५' या अग्निबाणाची घडण त्या केंद्रात झाली. कापसाचे गाव पाहता पाहता अभियंत्यांचे शहर बनले.

याच दशकात इकडे काय घडत होते, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगण्याची आवश्यकता नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भाताच्या शेतांमधून सेक्टरांचे एक शहर उभे राहिले. सरकारच्या एकाच निर्णयातून जन्मलेल्या शहरांचा एक स्वभाव असतो. तेथील प्रत्येक जण बाहेरून आलेला असतो आणि येताना त्याने आपल्याबरोबर काहीतरी आणलेले असते. सेक्टर ६ मधून सायंकाळी एक फेरफटका मारला तरी पाच-सहा भाषा कानांवर पडतात. कोणी दुर्गापूजा आणली, कोणी ओणम आणला, मराठी माणसाने गणेशोत्सव आणला आणि त्यामागोमाग शाळा आणली. हंट्सव्हिलला देशाच्या उत्तरेकडून आलेल्या लोकांनी आपल्याबरोबर बर्फावरची हॉकी आणली.

येथे थोडा खुलासा हवा. भारतात हॉकी म्हटले की गवताचे मैदान, अकरा खेळाडू आणि पांढरा चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत आणि कॅनडात नुसते हॉकी म्हटले की तो बर्फावरचा खेळ असतो. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू, पायांत धारदार पात्यांचे बूट आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती. हा थंड प्रदेशांचा खेळ. अलाबामा आहे दक्षिणेत. तेथे हिमवर्षाव हीच बातमी ठरते. अशा ठिकाणी यंत्राने गोठवलेल्या बर्फावर महाविद्यालयाचा संघ उभा करणे हे धाडसच होते.

अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल शाखेतील विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये प्रथम एक हौशी मंडळ म्हणून हा संघ काढला. विद्यापीठाचा अधिकृत संघ तो पुढे १९८५ च्या सुमारास झाला. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेले डग रॉस १९८२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि २००७ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, तेथेच राहिले. एका माणसाने एका संस्थेला आपली पंचवीस वर्षे दिली की त्या संस्थेला एक चेहरा लाभतो. शाळांना याचा अनुभव असतो. १९९६ आणि १९९८ या दोन्ही वर्षी या संघाने द्वितीय श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर तो सर्वोच्च श्रेणीत गेला आणि २००७ व २०१० मध्ये त्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला. २००७ मध्ये नॉत्र दाम या बलाढ्य संघाविरुद्ध दुसऱ्या जादा डावापर्यंत झुंजून तो ३-२ असा हरला. २०१० मध्ये मायामी विद्यापीठाकडून २-१ असा. २०१० च्या त्या सामन्यात गोल राखणारा कॅम टॅलबट पुढे व्यावसायिक हॉकीतील नामवंत गोलरक्षक झाला. ज्या राज्यात फुटबॉलखेरीज दुसरा देव नाही, तेथील एका विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाने मिळवलेले हे यश अल्प म्हणता येणार नाही.

मग हा संघ बंद का पडला? सर्वसाधारण समज असा असतो की अशा गोष्टी पैशाअभावी बंद पडतात. काही अंशी ते खरेही आहे. बर्फाचे मैदान राखणे खर्चाचे, प्रवास खर्चाचा, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्याही खर्चाच्या. तथापि हंट्सव्हिलची हकिगत नीट पाहिली तर पैसा हे तिथले अखेरचे कारण नव्हते, असेच दिसते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची रचना समजून घेतल्याशिवाय हे लक्षात येत नाही. तेथे काही महाविद्यालये एकत्र येऊन एक मंडळ बनवतात; त्याला 'कॉन्फरन्स' म्हणतात. वर्षभराचे बहुतेक सामने त्या मंडळातील संघांतच होतात. वेळापत्रक, पंच, प्रवासाचे नियोजन हे सारे मंडळामुळे ठरते आणि मंडळाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. मात्र त्यासाठी मंडळात किमान सहा संघ असावे लागतात. जो संघ कोणत्याही मंडळात नाही, त्याला दरवर्षी दारोदार हिंडून सामने मागावे लागतात. ज्यांना सवड असेल ते खेळतात आणि बहुधा आपल्या मैदानावर या म्हणतात. असा संघ सदैव पाहुणाच राहतो.

हंट्सव्हिलचा संघ १९९९ मध्ये स्थापन झालेल्या एका लहान मंडळाचा संस्थापक सदस्य होता. त्या मंडळातील संघ एकेक करून इतरत्र गेले. २०१० मध्ये अखेरचे चार उरले. त्यांपैकी तिघांना दुसऱ्या मंडळांत जागा मिळाली आणि हंट्सव्हिल एकटे राहिले. विलक्षण गोष्ट अशी की त्या मंडळाची अखेरची स्पर्धा हंट्सव्हिलनेच जिंकली होती. म्हणजे ज्या घराचे सर्वांत चांगले दिवस चालू होते, त्याच घराभोवतीची वस्ती उठून गेली. पुढची तीन वर्षे संघ मंडळाविना खेळला. २०११ च्या ऑक्टोबरात विद्यापीठाने संघाचा अधिकृत दर्जा काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला; त्याच वर्षअखेरीस नव्या अध्यक्षांनी तो फिरवला. २०१३ मध्ये एका मोठ्या मंडळाने त्याला सामावून घेतले. त्या मंडळातील संघ होते मिशिगन, मिनेसोटा, ओहायो येथील आणि दोन तर थेट अलास्कातील. देशाच्या दक्षिण टोकाचा संघ उत्तर ध्रुवाच्या दारात खेळायला जाई आणि तिकडचे विद्यार्थी परीक्षेचे दिवस सांभाळून अलाबामात येत.

अखेर प्रवासाचा हा भार उत्तरेकडील संघांना नकोसा झाला. २०१९ च्या जूनमध्ये त्यांतील सात महाविद्यालयांनी आपण वेगळे होऊन नवे मंडळ काढणार असल्याचे जाहीर केले. मागे राहिले तीनच: अलास्कातील दोन आणि हंट्सव्हिल. त्या सातांनी कोणाशी वैर केले नव्हते. आपापल्या विद्यार्थ्यांचा वेळ आणि आपापल्या संस्थेचा पैसा त्यांनी वाचवला. कोणताही जबाबदार संस्थाचालक तेच करील. तरीही प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतल्यावर तिऱ्हाईत संस्था मरते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसले.

२०२० च्या मे महिन्यात, कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात, विद्यापीठाने हॉकी बंद करण्याचे जाहीर केले. आता माजी विद्यार्थी पुढे आले. जगभर विखुरलेल्या जुन्या खेळाडूंनी आणि गावातल्या रसिकांनी वर्गणीचे आवाहन केले आणि आठवडाभरात पाच लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले. विद्यापीठाने निर्णय मागे घेतला आणि संघाला आणखी एक हंगाम मिळाला. पैसा होता, खेळाडू होते, प्रेक्षक होते. नव्हते ते फक्त मंडळ. त्या हंगामात त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या; कोणत्याही मंडळाने दार उघडले नाही. ५ मे २०२१ रोजी संघ स्थगित झाल्याची घोषणा झाली. स्थगित हा शब्द संस्थांच्या भाषेत फार सौम्यपणे वापरला जातो.

मागे राहिलेल्या तिघांपैकी अलास्कातील अँकरेजचा संघही त्याच सुमारास बंद ठरवण्यात आला होता. तीस लाख डॉलर उभे केल्यास फेरविचार होईल, अशी अट विद्यापीठाच्या नियामकांनी घातली. ती रक्कम २०२१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत जमली आणि २०२२ मध्ये तो संघ पुन्हा बर्फावर उतरला. मंडळ त्यालाही मिळाले नाही. मग अँकरेज तगले आणि हंट्सव्हिल का नाही? अँकरेजने जमवलेली रक्कम मोठी होती, हे खरेच. त्याखेरीज एक कारण नकाशातच सापडते. अँकरेजला त्याच राज्यात फेअरबँक्सचा संघ आहे. दोघेही मंडळाबाहेर, परंतु दोघे आहेत. त्यांचे जुने वैर आहे आणि वर्षाचे काही सामने तरी हक्काचे आहेत. हंट्सव्हिलच्या आसपास त्या श्रेणीचा एकही संघ नव्हता.

आता इकडे यावे. ज्या हॉकीने या देशाला ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके दिली, ती हॉकीही शेजारावरच जगली. बंगाल-नागपूर रेल्वेचा जो लोहमार्ग नागपूरहून गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर करीत बिलासपूरला जातो, त्याच्या कडेने रेल्वेच्या वसाहती होत्या आणि वसाहतींमधून मैदाने होती. लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ साली बिलासपूरचा. फुटबॉल खेळणारा हा तरुण रेल्वेच्या संघातूनच हॉकीकडे वळला आणि १९४८ ते १९६० या चार ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी चार पदके मिळवली. क्लॉडियस ज्या अँग्लो-इंडियन समाजातून आले, त्या समाजातील पुष्कळ कुटुंबे स्वातंत्र्यानंतर परदेशी गेली. जबलपूरचे पिअर्स बंधू ऑस्ट्रेलियात गेले आणि पाचही भाऊ त्या देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळले. ऑस्ट्रेलियाला हॉकीतील पहिले ऑलिंपिक पदक १९६४ मध्ये टोकियोत मिळाले, तेव्हा त्या संघात पिअर्स होते. शेजारी उठून गेला म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मध्य भारताला शोधायला नको.

महाविद्यालयाचा वाटा या इतिहासात किती मोठा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला भारताने पहिले सुवर्णपदक जिंकले, त्या संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा हे छोटा नागपूरच्या आदिवासी कुटुंबातील. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना विद्यापीठाच्या हॉकी संघातून ते नावारूपाला आले आणि पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले. पंजाबात जालंधरच्या लायलपूर खालसा महाविद्यालयाने अजितपालसिंग यांच्यासारखा खेळाडू घडवला; त्यांच्याच नेतृत्वाखाली १९७५ चा विश्वचषक भारताने जिंकला. सतराव्या वर्षी शाळा सुटते आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी रेल्वे, पोलीस वा कारखान्याच्या संघात नोकरी मिळू शकते. मधली चार-पाच वर्षे खेळाडूला सांभाळते ते महाविद्यालय. ती पायरी निखळली की उत्तम खेळणारा मुलगा अठराव्या वर्षी खेळ सोडतो. मुलगी तर त्याच्याही आधी.

ही पायरी निखळण्याची कारणे अनेक सांगितली जातात. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर झाली, भारत सातव्या स्थानी घसरला आणि त्यानंतर गवतावर शिकलेला खेळाडू नव्या मैदानावर परका ठरू लागला. ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असे कृत्रिम मैदान घालणे व त्यावर पाण्याचे फवारे मारणे साध्या महाविद्यालयाच्या आवाक्यातले नाही. अभियांत्रिकीच्या शिकवणी वर्गांनी सायंकाळ गिळली, हेही खरे. भिलाईला ते वेगळे सांगायला नको. परंतु या सर्व कारणांच्या मुळाशी पुन्हा तीच गोष्ट आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बारा संघ असतात, तेव्हा एकाने माघार घेतली तर कोणाला जाणवत नाही. तीन उरतात तेव्हा तिसऱ्याच्या माघारीने स्पर्धाच उरत नाही आणि जे महाविद्यालय निष्ठेने संघ राखत होते, त्याचा संघही पुढच्या वर्षी कागदावर राहतो. सर्वांत शेवटी बंद पडणारा संघ बहुधा सर्वांत निष्ठावान असतो आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

छत्तीसगढच्या महाविद्यालयांचा शेजार तर वारंवार बदलला आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात येथील महाविद्यालयीन शिक्षण १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेले होते. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ आले, १९६४ मध्ये रायपूरचे रविशंकर विद्यापीठ आणि २०१५ मध्ये दुर्गचे. प्रत्येक नव्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांची पायपीट वाचवली, यात शंका नाही. मात्र प्रत्येक वेळी वर्तुळ लहान झाले आणि वर्तुळातले संघही कमी झाले. परीक्षेच्या सोयीने आखलेली सीमा खेळाच्याही सोयीची असते, असे नाही.

तरीही या भागाला निराश होण्याचे कारण नाही. राजनांदगावला महंत सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते आणि त्या गावाला हॉकीची नर्सरी म्हणतात ते उगीच नव्हे. दुर्गची सबा अंजुम २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. तिला २०१३ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. राजनांदगावची रेणुका यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. भारतीय महिलांचा संघ तेव्हा छत्तीस वर्षांनी ऑलिंपिकला गेला होता. त्याआधीचा संघ १९८० चा, मॉस्कोचा, आणि त्यात महाराष्ट्राच्या रेखा मुंडफन होत्या. या मुलींच्या मागे दुर्ग-राजनांदगावचा पट्टा होता. एक संघ दुसऱ्याला खेळायला बोलावू शकेल इतकी गावे जवळ होती.

मराठी माध्यमाच्या शाळेला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कारखान्यात नोकरभरती जोरात होती तेव्हा क्वार्टरांमधून मराठी घरे होती, वर्ग भरत होते, वक्तृत्व स्पर्धेला प्रतिस्पर्धी मिळत होते. कारखान्यातील कामगारांची संख्या घटली, निवृत्त झालेले नागपूर-पुण्याकडे गेले, नातवंडे इंग्रजी माध्यमात गेली. कोणी शाळेशी वैर केले नाही; प्रत्येक घराने आपल्या मुलाचे हित पाहिले. माजी विद्यार्थी आस्थेने देणग्या देतात. त्या देणग्यांतून खोल्या उभ्या राहतात आणि छपरे दुरुस्त होतात. परंतु हंट्सव्हिलच्या पाच लाख डॉलरांनीही जे विकत आणता आले नाही, ते देणगीतून येत नाही. नाट्यवाचन असो, वादविवाद असो वा हॉकी, दुसऱ्या बाजूला कोणीतरी उभे असावे लागते. मराठी शाळा सभोवार नसतील तर हिंदी माध्यमाच्या शाळेला बोलवावे, तेलुगू आणि बंगाली मंडळांना बोलवावे. भाषा निराळी असल्याने हॉकीचा सामना अडत नाही.

एक गोष्ट आज हाताशी आहे. अकरा खेळाडू आणि पूर्ण मैदान जमत नसेल अशा शाळांसाठी पाच खेळाडूंची हॉकी आता आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केली आहे. गोलरक्षकासह पाच जण आणि नेहमीच्या निम्म्याहून लहान मैदान. २०१८ च्या ब्युनोस आयर्स येथील युवा ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुलांनी आणि मुलींनी याच प्रकारात रौप्यपदके मिळवली आणि २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या या प्रकाराच्या पहिल्या महिला विश्वचषकात भारत उपविजेता ठरला. सेक्टरांमधील चार शाळा, दुर्गच्या दोन आणि राजनांदगावच्या दोन, अशा आठ शाळांचे मंडळ होऊ शकते. साखळी पद्धतीने एका शाळेला वर्षात सात सामने मिळतात. पावसाळ्यानंतर, सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत, शनिवारच्या दुपारी ते सहज बसतात आणि सर्वांत लांबचा प्रवासही लोकलने तासाभराचा आहे. अडचण येईल ती पहिल्या वर्षी नव्हे, तिसऱ्या वर्षी; जी शाळा सतत हरते तिने माघार घ्यायची वेळ तेव्हा येते. त्या शाळेला आपले दोन राखीव खेळाडू उसने द्यायचे, असा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवलेला बरा.

हंट्सव्हिलला फॉन ब्राउन यांच्या नावाच्या क्रीडागृहात आजही बर्फ गोठवला जातो. तेथे एक व्यावसायिक संघ खेळतो आणि प्रेक्षकही जमतात. विद्यापीठाच्या निळ्या-पांढऱ्या गणवेशातला संघ मात्र २०२१ नंतर त्या बर्फावर उतरलेला नाही.